बीडिंगला चकाकी नको, ग्रीस द्या: सिलिकॉन ग्रीस, सिलिकॉन स्प्रे आणि ३०३ चा रिव्ह्यू

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला घाई आहे त्याने इथूनच रामराम करावा. गाडीच्या दाराच्या कडेने जी रबरी पट्टी असते, बीडिंग, तिला सिलिकॉन ग्रीस लावा, ट्यूबमध्ये पांढुरकं जेलसारखं येतं ते. काच ज्या खाचेतून वरखाली होते तिथे सिलिकॉनचा स्प्रे मारा. आणि बाहेरच्या काळ्या प्लास्टिकला ३०३, उन्हापासून जपणारी पातळ बाटली. तिन्ही वेगळ्या वस्तू आहेत, तिघींची कामं वेगळी आहेत, आणि एकच बाटली सगळीकडे चालते असं जो दुकानदार सांगेल त्याला नमस्कार करून बाहेर पडा.

मी राहतो नागपुरात, गाडी उभी असते उघड्यावर, डोक्यावर ना शेड ना झाड. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ भाजणाऱ्या दिवसांत, तर दुपारी गाडीच्या हँडलला हात लावायची सोय नसते, आणि मग जूनमध्ये तीच गाडी धो धो पावसात उभी. म्हणजे रबराला आधी भाजायचं आणि मग भिजवायचं असा कार्यक्रम दरवर्षी. पुण्या-मुंबईकडच्या लोकांचे रिव्ह्यू वाचले की ते गाडी चमकली का नाही त्यावरच बोलतात, आमच्याकडे प्रश्न चमकायचा नाहीच, दुपारी तीन वाजता दार उघडताना रबर बॉडीच्या पेंटला चिकटून चर्रर्र असा आवाज येतो तो प्रश्न आहे. आणि खड्ड्यातून गेलं की दारातून कुईकुई. माझी २०१६ ची हॅचबॅक आहे, कंपनीचं नाव सांगत नाही कारण हे सगळ्यांच्याच गाड्यांत होतं.

आता थोडं केमिस्ट्री, कंटाळू नका, यातच सगळी गोम आहे. गाडीच्या दाराचं बीडिंग बहुतेक वेळा ईपीडीएम नावाच्या रबराचं असतं. साध्या नैसर्गिक रबराला हवेतला ओझोन खातो, त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध असतात आणि ओझोन तिथेच घाव घालतो, मग बारीक बारीक भेगा पडतात. ईपीडीएमच्या मुख्य साखळीत ते बंध नसतातच, म्हणून ऊन, पाऊस, ओझोन हे सगळं ते वर्षानुवर्षं झेलतं. वर त्यात कार्बन ब्लॅक घातलेला असतो, तो अल्ट्राव्हायोलेट अडवतो, बीडिंग काळंच असतं त्यामागे हे एक मोठं कारण आहे. म्हणजे उन्हाचा बंदोबस्त कंपनीने आधीच केलेला आहे. पण या रबराचा एक कच्चा दुवा आहे, खनिज तेल. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल, साधं पिवळं ग्रीस, यातलं काहीही लागत राहिलं की ते तेल पिऊन फुगतं आणि मऊ पडतं, आकार सोडतं. खात्री हवी असेल तर बॉनेट उघडून ब्रेक फ्लुइडच्या डबीचं झाकण बघा, त्यावर फक्त डॉट ३ किंवा डॉट ४ च वापरा असं बजावलेलं असतं. ब्रेकच्या आतली रबरं पण याच जातीची असतात आणि त्यात चुकून मिनरल ऑइल पडलं की ती फुगून सगळी सिस्टीम खोलायची वेळ येते.

आणि आपल्याकडे वॉशिंग सेंटरवर काय होतं? गाडी धुऊन झाली की पोरगा येतो, हातात फडकं, फडक्याला डिझेल. "भाऊ, डिझेलचा हात मारून देतो ना, एकदम नवी दिसंल." बंपर, मडगार्डची पट्टी, पायदान, दाराच्या कडा, टायर, सगळ्यांवर तोच हात फिरतो. पंधरा मिनिटं गाडी खरंच नवी दिसते. मग त्या तेलकट थरावर धूळ बसते, त्याची होते काळी पेस्ट, ती पँटला लागते, बायकोच्या साडीला लागते, आणि खाली रबर हळूहळू तेल पीत राहतं. एका दिवसात काही होत नाही हे खरं आहे, म्हणून तर कुणाला पटत नाही. दर आठवड्याला होत राहिलं की दोन-तीन वर्षांनी खालच्या कडेचं बीडिंग बोटाने दाबून बघा, वरच्यासारखं परत उसळी घेत नाही. मी आता पाणी मारायच्या आधीच सांगतो की भाऊ डिझेल नको, पॉलिश नको, नुसतं धू. पोरगं असं बघतं जसं मी चहात साखर नको म्हणालो.

घरगुती उपायांचं पण सांगतो. बाबांच्या काळात खोबरेल लावायचे, अजूनही खूप जण लावतात, बूट पॉलिश लावणारे पण आहेत. खोबरेलाने दोन दिवस काळं दिसतं मग धूळ धरते आणि उन्हात चिकचिक होते. बूट पॉलिश पहिल्या पावसात दारावरून ओघळतं, पांढऱ्या गाडीवर तर बघायलाच नको. आणि तो निळा-पिवळा डबा, डब्ल्यूडी-४०, भारतात प्रत्येक घरात प्रत्येक दुखण्यावर मारला जातो. वस्तू चांगलीच आहे, १९५३ साली सॅन डिएगोत बनली तीच मुळात धातूवरचं पाणी हटवायला, नावातलं डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट आणि ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलं. पण तिच्यात पेट्रोलियमचाच भाग आहे, बिजागरीला ठीक, बीडिंगला ठेवायची चीज नाही ती. त्याच कंपनीचा सिलिकॉनचा वेगळा डबा मिळतो, स्पेशालिस्ट म्हणून, तो घेताना डब्यावर सिलिकॉन शब्द वाचूनच घ्या कारण दुकानदार हमखास नेहमीचाच काढून देतो.

आता मुख्य हिरो. सिलिकॉन ग्रीस. माझ्याकडे मोलीकोट १११ ची ट्यूब आहे, ही मुळात व्हॉल्व्ह आणि ओ-रिंगसाठीची इंडस्ट्रियल वस्तू आहे, गाडीच्या दुकानात मिळत नाही, बेअरिंग-सील विकणाऱ्यांकडे किंवा ऑनलाइन बघा. सिलिकॉन तेलात बारीक सिलिका मिसळून घट्ट केलेलं असतं, उणे ४० पासून २०० डिग्रीपर्यंत टिकतं, म्हणजे नागपूरचा मे त्याच्यासाठी थंडीच झाली. पाण्याने धुऊन जात नाही, आणि ईपीडीएम ते पीत नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. ज्यांना एवढी महाग ट्यूब नको त्यांनी आरओवाला फिल्टर बदलताना ओ-रिंगला जे लावतो ते बघावं, ते पण सिलिकॉन ग्रीसच असतं, छोट्या पुडीत-ट्यूबमध्ये मिळतं आणि चार दारांना पुरतं. होंडाच्या जगात शिन-एत्सू नावाचं ग्रीस फेमस आहे, होंडा ते स्वतःच्या पार्ट नंबरने विकते, ०८७९८-९०१३, परदेशातले होंडावाले त्याच्यावर पोवाडे गातात. मी ते मागवलं नाही, एका ट्यूबसाठी परदेशातून कुरियर मला काही परवडत नाही.

लावायची पद्धत सोपी आहे पण लोक घाई करतात. आधी बीडिंग शांपूच्या पाण्याने पुसायचं, फडकं किती काळं होतं ते बघून धक्का बसेल, मग साध्या पाण्याने, मग पूर्ण वाळू द्यायचं. ओल्यावर लावू नका. मग ग्रीस बोटाच्या टोकावर मुगाएवढं घ्यायचं आणि हातभर लांबीवर चोळत न्यायचं. मुगाएवढंच. लोणी लावल्यासारखं थापलं तर धूळ चिकटून सँडपेपर तयार होतो आणि तो तुमचाच पेंट घासतो. दहा-पंधरा मिनिटं दार उघडं ठेवा, मग कोरड्या सुती फडक्याने दिसणारं सगळं पुसून काढा. पुसलं तर गेलं की, असं वाटतं, पण जे राहायचं असतं ते अगदी पातळ थरात राहतं आणि तेवढंच पुरे. बोट फिरवलं तर किंचित गुळगुळीत लागलं पाहिजे, बोटाला काही लागता कामा नये.

फरक? चर्रर्र आवाज त्याच दुपारी बंद. कुईकुई पण गेली, फक्त मागच्या डाव्या दाराची राहिली आणि ती निघाली दाराच्या लॉकच्या कडीची, रबराचा काही संबंध नव्हता. दार लावताना तो जो घट्ट थप्प आवाज येतो तो थोडा मऊ झाला. दिसण्यात काडीचा फरक नाही, काळं मॅट होतं तसंच काळं मॅट, आणि मला तेच आवडलं. ज्यांना लावल्याचं दिसलं पाहिजे त्यांची निराशा होईल. वर्षातून दोनदा पुरतं असा माझा अनुभव, एकदा नवतप्याच्या आधी आणि एकदा पाऊस उघडल्यावर दसरा-दिवाळीच्या धुण्याधाण्यात. तक्रार एकच, हे ग्रीस जाड आहे, पसरवायला वेळ लागतो, चारी दारं आणि डिकी धरून रविवारची सकाळ जाते. आणि हाताचं निघता निघत नाही, नुसत्या साबणाने तर अजिबात नाही, आधी कोरड्या कागदाने पुसा मग भांड्याचा साबण. हो, अजून एक, सिलिकॉन ग्रीस सिलिकॉनच्याच रबरावर लावायचं नसतं, ते फुगवतं त्याला. दाराच्या बीडिंगला ही भीती सहसा नाही, पण टर्बोचे रंगीत पाइप किंवा सिलिकॉनचे वायपर असले तर तिथे हात थांबवा.

गंमत म्हणजे हा सगळा रबर जपण्याचा शौक थंड देशांतला आहे. जर्मनीत हिवाळ्यात दाराचं रबर बर्फाने बॉडीला चिकटतं आणि ओढलं की फाटतं, म्हणून तिथे गुमी फ्लेगे नावाची टोकाला स्पंज लावलेली बाटली मिळते, सरळ रबरावर फिरवायची, हात खराब होत नाहीत. त्याच्याही आधीपासून तिकडचे लोक हरणाची चरबी लावायचे, काडी मिळते तिची, अजूनही. त्यांचं थंडीने चिकटतं, आपलं गरमीने.

स्प्रेकडे येऊ. काच ज्या रबरी खाचेतून चालते, तिला मेकॅनिक लोक ग्लास रन म्हणतात, तिच्या आत बारीक मखमलीसारखी लव असते. तिथे ग्रीस अजिबात नको, लव चिकटून बसते आणि वर धूळ, काच अजून जड. तिथे स्प्रेच, आणि तोही उडून जाणारा कोरडा. डब्यासोबत येणारी लाल नळी खाचेत घालायची, काच खाली घेऊन दोन्ही उभ्या बाजूंना एकेक छोटा फवारा, मग काच पाच-सहा वेळा वरखाली. त्याआधी जुन्या एटीएम कार्डाला मायक्रोफायबर गुंडाळून खाच आतून पुसून घ्या, नाहीतर फवाऱ्याने आतल्या धुळीचा चिखल होतो. माझी ड्रायव्हरच्या बाजूची काच वर जाताना अर्ध्यात दमायची, आता सरळ जाते. ज्यांच्या गाडीत ऑटो-अप काच आहे आणि ती वर जाऊन आपोआप परत खाली येते, त्यांनी मोटर बदलायच्या आधी हे करून बघा, खाचेत घर्षण वाढलं की काचेला वाटतं कुणाचं बोट अडकलं आणि ती माघार घेते. पॉवर विंडोची मोटर बदलायचा खर्च आणि स्प्रेचा खर्च यात जमीन-अस्मान आहे.

पण स्प्रे हा धोकादायक प्राणी पण आहे. उडतो. पुढच्या काचेवर गेला तर पावसात वायपरने असा फराटा उमटतो की समोरचा ट्रक दोन दिसतात. ब्रेक डिस्कवर, पेडलवर, स्टीअरिंगवर अजिबात जाऊ देऊ नका, हे गमतीत सांगत नाहीये. आणि डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे गाडी टाकणार असाल तर त्याच्या आधी सिलिकॉनचं काहीच करू नका, पत्र्यावर सिलिकॉनचा अंश राहिला की नवा रंग तिथे धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल खड्डे पडतात, पेंटर लोक त्याला फिश आयच म्हणतात आणि शिव्या आपल्याला देतात. फवारा थेट गाडीवर न मारता फडक्यावर मारून पुसलं तर अर्धे प्रश्न मिटतात. वायपरच्या रबराला तर यातलं काहीच लावू नका, ओल्या फडक्याने पुसा, फाटलं की बदला, तेवढंच.

मग ३०३. अमेरिकन वस्तू आहे, एरोस्पेस प्रोटेक्टंट असं भारदस्त नाव, पाण्यासारखी पातळ, वॉटर बेस्ड आहे, आत पेट्रोलियम नाही असं कंपनी सांगते, आणि काम काय तर प्लास्टिक-रबरावर उन्हाचं सनस्क्रीन. हे मी घेतलं ते बंपरच्या खालचं आणि चाकांवरच्या कमानीचं काळं प्लास्टिक, ज्याला रंग नसतो, त्याच्यासाठी. ते असतं पॉलिप्रॉपिलीन, उन्हाने त्याचा वरचा थर मरतो आणि राखाडी, मग पांढरट होतो. एसयूव्ही घेणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात ठेवा, जेवढं जास्त काळं क्लॅडिंग तेवढी जास्त डोकेदुखी. फवारायचं, पसरवायचं, आणि पूर्ण कोरडं होईपर्यंत पुसायचं, तसंच सोडलं तर डाग पडतात. सावलीत, थंड गाडीवरच करा. चकाकत नाही, नवं असताना दिसायचं तसं गडद मॅट होतं, हाताला तेलकट लागत नाही, धूळ पण तुलनेने कमी बसते. डॅशबोर्डवर पण तेच वापरतो, काचेत प्रतिबिंब पडत नाही.

पण ही काही जादू नाही. जे प्लास्टिक ऑलरेडी पांढरं पडलंय ते ३०३ ने काळं होत नाही, थोडं गडद दिसतं आणि दोन पावसांत परत तसंच. आणि उघड्यावरच्या गाडीला महिना-दीड महिन्याने परत लावावं लागतं, हा मोठा वैताग आहे, बाटली बघता बघता संपते. सावलीत गाडी ठेवणाऱ्याने घ्यावी, उघड्यावरच्याने नवीन गाडीला घ्यावी, जुन्या पांढरट प्लास्टिकवाल्याने पैसे वाचवून सिरॅमिक ट्रिम कोटिंगची छोटी बाटली बघावी, ती घट्ट बसते आणि खूप जास्त टिकते, फक्त आधी प्लास्टिक तेल-मेण काढून एकदम कोरं करावं लागतं. हीट गनने प्लास्टिक गरम करून काळं करतात त्याचे व्हिडिओ भरपूर आहेत, काळं होतं हे खरंय, पण ते एक-दोनदाच चालतं आणि हात चुकला की बंपर वितळतो. प्लास्टिकवर मेणाचं पॉलिश वाळून पांढरे डाग बसले असतील तर साधा पेन्सिलचा खोडरबर घासा. निघतात.

आणखी एक बाटली वापरून बघितली होती, नाव घेत नाही, टायर, डॅशबोर्ड, बीडिंग सगळ्याला एकच म्हणून विकतात. वासच डिझेलसारखा. टायरला लावली, बीडिंगच्या जवळ नेली नाही. टायरवर येतो तो तपकिरी रंग घाण नसते बरं का, टायरच्या रबरात ओझोनपासून वाचवायला केमिकल आणि मेण घातलेलं असतं, तेच हळूहळू वर येऊन तपकिरी दिसतं. त्याला घासून घासून काढायची काही गरज नाही.

डिटेलिंगवाल्यांचं पण बघितलं. एका ठिकाणी पॅकेजमध्ये रबर ट्रीटमेंट म्हणून वेगळे पैसे होते, मी विचारलं की भाऊ लावणार काय, तर म्हणे इम्पोर्टेड कंडिशनर. डबा दाखव म्हटलं तर डबा काही निघाला नाही. जो डबा दाखवत नाही त्याच्याकडून बीडिंगला काही लावून घेऊ नका.

आता ग्रीस काय करू शकत नाही ते. बीडिंग आतून पोकळ असतं, दार दाबलं की ते दबतं आणि उघडलं की परत फुगतं. वर्षानुवर्षं दबून ते कायमचं चपटं झालं की कुठल्याही क्रीमने परत उभं राहत नाही, मग बदलायचंच. तपासायला दहाची नोट घ्या, दारात धरून दार लावा आणि ओढा. अडत अडत निघाली तर ठीक, सुळकन निघाली तर तिथे दाब नाही. सगळीकडे फिरवून बघा, कोपऱ्यांत जास्त. एखाद-दोन जागीच सैल असेल तर आधी दाराचं स्ट्रायकर, म्हणजे लॉक ज्या कडीत अडकतं ती, थोडी आत घेऊन बघतात, मेकॅनिकला सांगा. बॉडीच्या कडेवर बसणारं बीडिंग यू आकाराचं असतं, हाताने ओढून निघतं आणि नवं रबरी हातोड्याने ठोकत बसवतात, जोड खालच्या बाजूला यायला हवा. ओरिजिनल पार्टच घ्या, मीटरवर मिळणारं लोकल बीडिंग बसवलेल्या ओळखीच्या एका गाडीत दार लावायला खांदा मारावा लागतो.

आणि पावसात गाडीत पाणी आलं की सगळे बीडिंगला दोष देतात, बहुतेक वेळा बिचाऱ्याचा दोषच नसतो. काचेच्या फटीतून थोडं पाणी दाराच्या आत जाणारच, तशीच रचना असते, ते दाराच्या खालच्या कडेला असलेल्या छोट्या भोकांतून बाहेर पडतं. ती भोकं चिखलाने किंवा अंडरबॉडी कोटिंगच्या डांबराने बुजली की दारात पाणी साचतं, ब्रेक मारला की डबडब ऐकू येतं, आणि मग आतून पत्रा गंजतो. प्लास्टिकच्या काडीने मोकळी करा, फुकटात काम होतं. पुढच्या काचेखाली वायपरच्या जाळीत कडुलिंबाची पानं जमली की तिथलं पाणी पण आत शिरतं. आणि मे महिन्यात पुढच्या डाव्या पायाखालचं कारपेट ओलं झालं तर पाऊस कुठून येणार, ती एसीची पाण्याची नळी बुजलेली असते. उंदरांनी कुरतडलेल्या बीडिंगवर मात्र कुठल्याच कंपनीची ट्यूब नाही राजेहो, माझ्या शेजाऱ्याच्या नव्या गाडीचं खालचं अख्खं रबर एका रात्रीत खाल्लं त्यांनी.

सनरूफवाल्यांना एवढंच, काचेभोवतीच्या रबराला हेच ग्रीस चालतं पण त्याहीपेक्षा कमी लावा, कारण वरची सगळी धूळ तिथेच बसते, आणि चारी कोपऱ्यांतल्या पाण्याच्या नळ्या पावसाआधी ग्लासभर पाणी ओतून बघा, पाणी चाकापाशी खाली पडलं पाहिजे. त्या नळ्यांत जोरात हवा मारू नका, आतल्या आत सांधा निसटला तर अख्खं छताचं कापड काढावं लागतं.